न जुळलेली नडगी आणि कृत्रिम बोन ग्राफ्ट: ते दाणे खरंच हाड होतात का?

यावल तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "वडील ५४ वर्षांचे. भुसावळहून परतताना मोटारसायकलला मागून धडक बसली. उजवी नडगी खालच्या बाजूला मोडली, हाड कातडीबाहेर आलं होतं. रॉड टाकला. आज दहा महिने झाले. टेकून चालतात, पण पाय दुखतो, आणि एक्स-रेमध्ये फट तशीच दिसते. आता सर्जन म्हणतात पुन्हा ऑपरेशन करू, सिंथेटिक बोन ग्राफ्ट भरू, सोबत कमरेचं हाडही काढावं लागेल. ही पावडर खरंच हाड बनते का, की सिमेंटसारखी आयुष्यभर आत राहते? आणि एवढी महागाची वस्तू घालणारच आहेत तर कमरेला वेगळी चीर कशाला?"

भाऊ, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. कृत्रिम ग्राफ्ट, म्हणजे फटीत भरायचे ते दाणे, स्वतः हाड तयार करत नाही. हाड तयार करतात तुमच्या वडिलांच्याच पेशी, त्यांच्याच रक्ताच्या जोरावर. ग्राफ्ट त्या पेशींना चढायला आधार देतो, कारल्याच्या वेलाला मांडव देतो तसा. मुळाशी ओल असेल तर वेल मांडवभर पसरतो. ओल नसेल तर मांडव कितीही भारी घाला, कारलं धरत नाही. दहा महिने न जुळलेल्या नडगीत अडचण बहुतेक वेळा मुळाशीच असते, आणि म्हणून तुमचे सर्जन कमरेचं हाड मागत आहेत. माझ्या मते ते बरोबर मागत आहेत.

आता हे दाणे असतात काय ते पाहू. आपल्या हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिज असतो, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक. त्याला हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणतात. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी. खनिजामुळे हाड कडक राहतं, कोलॅजेनमुळे ते काचेसारखं तडकत नाही. कृत्रिम ग्राफ्टमध्ये यातला फक्त खनिजाचा भाग कारखान्यात तयार केलेला असतो. कॅल्शियम फॉस्फेट भट्टीत हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याचे सच्छिद्र दाणे किंवा ठोकळे करतात. काही प्रकार समुद्रातल्या पोवळ्याच्या सांगाड्यावर रासायनिक प्रक्रिया करूनही बनवले गेले, कारण त्या सांगाड्याची छिद्रं मुळातच एकमेकांना जोडलेली असतात.

सगळं महत्त्व त्या छिद्रांना आहे. रक्तवाहिनी आणि हाडाच्या पेशी आत शिरायच्या तर छिद्र निदान ०.१ मिलिमीटरचं हवं, ०.३ ते ०.५ मिलिमीटर असेल तर उत्तम. शिवाय एका छिद्रातून दुसऱ्यात वाट हवी. बंद छिद्रांचा काही उपयोग नाही. ऑपरेशनच्या वेळी आम्ही सर्जन हे दाणे स्टीलच्या वाटीत काढतो आणि कमरेच्या हाडातून सुईने ओढलेला मगज, म्हणजे हाडाच्या आतला रक्ताळ गर, त्यावर सोडतो. चांगला माल असेल तर बघता बघता पांढरे दाणे आतपर्यंत लाल होतात. थोडा वेळ थांबलं की रक्त गोठतं आणि सुट्या दाण्यांचा एक चिकट गोळा होतो, जो चमच्याने उचलून फटीत बसवता येतो. मगज ओढतानाही घाई करून चालत नाही. एकाच जागेवरून मोठी सिरिंज भरून ओढली तर पुढचं सगळं नुसतं रक्तच येतं, हाड बनवणाऱ्या पेशी विरळ होतात. म्हणून सुई थोडी सरकवत, प्रत्येक जागेवरून दोन-चार मिलिलिटर घ्यायचं.

फटीत बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत दाण्यांभोवती रक्ताची गुठळी असते आणि सूज असते. ही सूज वाईट नव्हे. दुरुस्तीची सुरुवात तिच्यापासूनच होते. मग बारीक रक्तवाहिन्या छिद्रांमधून आत वाढतात आणि त्यांच्याबरोबर हाड बनवणाऱ्या पेशी येतात. या पेशी दाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आधी कोलॅजेनचा मऊ थर घालतात, मग त्या थरात खनिज भरलं जातं. दुसऱ्या बाजूने हाड खाणाऱ्या पेशी दाण्यांना कुरतडत असतात. शरीर जुनं हाड मोडून नवं घालण्याचं काम जन्मभर करत असतं, तेच इथेही चालतं. सगळं नीट जमलं तर दाणा हळूहळू कमी होत जातो आणि त्याची जागा खरं हाड घेतं. नंतर पायावर जसा भार पडेल तशी त्या हाडाची घडण बदलते, जिथे ताण जास्त तिथे ते जाड होतं.

आयुष्यभर आत राहतं का, हे कोणता पदार्थ वापरला यावर आहे. सर्वांत जुना म्हणजे कॅल्शियम सल्फेट, अर्थात प्लास्टर ऑफ पॅरिसच. १८९२ साली ड्रीसमान या जर्मन सर्जनने हाडातल्या पोकळ्या त्याने भरल्याची नोंद आहे. ते फार लवकर विरघळतं, साधारण सहा ते बारा आठवड्यांत, म्हणजे पुष्कळदा नवं हाड तयार होण्याआधीच. विरघळताना काहींच्या जखमेतून पांढुरकं पाणी झिरपतं. बेटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्यापेक्षा सावकाश जातं, महिन्यांच्या हिशोबात, कधी वर्ष-दीड वर्ष. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हाडात भरून पाहण्याचे प्रयोग अमेरिकेतल्या फ्रेड अल्बी यांनी १९२० मध्येच केले होते. भट्टीत भाजलेलं हायड्रॉक्सीॲपेटाइट मात्र वर्षानुवर्षं टिकतं आणि नवं हाड त्याला वेढून घेतं. आज जास्त करून या दोघांचं मिश्रण वापरतात: एक भाग लवकर जागा मोकळी करतो, दुसरा आधार देत राहतो. यातला काही अंश हाडात कायम राहिला तरी बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. तो शरीराला परका वाटत नाही.

बायोॲक्टिव्ह ग्लासचं काम जरा निराळं आहे. फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये ही काच तयार केली, ४५ टक्के सिलिका असलेली. शरीरातल्या द्रवाशी संपर्क आला की तिच्या पृष्ठभागावर हाडाच्या खनिजासारखाच थर तयार होतो आणि हाड त्या थराला थेट जोडून घेतं. भारतातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि अशी काच एकत्र केलेला ग्राफ्ट विकसित केला आहे. बाहेरदेशचा माल म्हणजेच चांगला, असं समजायचं कारण नाही.

सिमेंटची शंका बरेच जण विचारतात. सांधे बदलताना जे बोन सिमेंट वापरतात ते ॲक्रेलिक प्लास्टिक आहे. ते कधीच हाड होत नाही, जसं घातलं तसं राहतं. तुमच्या वडिलांसाठी जे सुचवलं आहे ते हे नव्हे. फक्त एक लक्षात ठेवा: जंतुसंसर्गामुळे हाडाचा मोठा तुकडा काढावा लागला तर काही सर्जन त्या जागी मुद्दाम असंच सिमेंट सहा-आठ आठवडे ठेवतात. त्याभोवती शरीर एक पडदा तयार करतं, मग सिमेंट काढून त्या पडद्याच्या पिशवीत ग्राफ्ट भरतात. फ्रान्सच्या मास्केले यांची ही पद्धत. असं काही सांगितलं गेलं तर "सिमेंट घालून फसवलं" असं समजू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, कमरेचं हाड कशाला.

चांगल्या ग्राफ्टकडून तीन गोष्टी हव्या असतात. हाडाला वाढायला आधार, सुप्त पेशींना "हाड बना" असा रासायनिक संदेश, आणि हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी. कमरेच्या हाडाच्या मऊ भागात या तिन्ही आहेत. कारखान्यातल्या दाण्यांमध्ये मुख्यतः पहिलीच आहे. असा संदेश हाडातच असतो हे अमेरिकेतले सर्जन मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं. खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत पुरलं, तर स्नायूत नवं हाड उगवलं. पुढे तो संदेश देणारं प्रथिन प्रयोगशाळेत बनवून औषध म्हणून आलं, अमेरिकेत २००२ मध्ये त्याला कमरेच्या मणक्यासाठी मान्यता मिळाली. ते महाग आहे, आणि मानेच्या मणक्यात वापरल्यावर घशाला धोकादायक सूज आल्याने २००८ मध्ये तिथल्याच औषध प्रशासनाने इशाराही दिला. नडगीसाठी ते तुमच्यापुढे कुणी ठेवलं, तर फायदा आणि खर्च नीट विचारून घ्या.

कमरेचं हाड काढण्याचे तोटे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. त्या जागी काही आठवडे दुखतं, काहींना महिनोन्महिने. मांडीच्या बाहेरच्या बाजूला कधी बधिरपणा येतो. आणि मिळणारं हाड मर्यादित असतं. कृत्रिम दाण्यांचं खरं काम तिथे सुरू होतं: कमरेतून थोडं हाड घ्यायचं, त्याचे बारीक तुकडे करायचे, दाणे आणि मगज मिसळायचा, म्हणजे छोट्या चिरेतून मोठी फट भरता येते. नुसते दाणे दहा महिन्यांच्या न जुळलेल्या नडगीत भरायला मी स्वतः तयार होत नाही.

पण त्याही आधी एक गोष्ट विचारायला हवी. वडिलांना ग्राफ्टची गरज आहे का?

हाड न जुळण्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एका प्रकारात एक्स-रेमध्ये मोडलेल्या दोन्ही टोकांना भरपूर नवं हाड दिसतं, टोकं फुगून रुंद झालेली असतात, पण मधली फट भरत नाही. म्हणजे रक्त आहे, पेशी आहेत, फक्त जागा हलते आहे. नवं हाड जेमतेम दोन टक्के ताण सहन करतं. फट त्याहून जास्त हलत राहिली तर तिथे फार तर कूर्चा किंवा तंतू तयार होतात, हाड नाही. अशा वेळी जुना रॉड काढून, हाडाची पोकळी आतून घासून, जाड रॉड घट्ट बसवला की पुष्कळदा ग्राफ्टशिवायच जुळतं. दुसऱ्या प्रकारात टोकं निमुळती, फिकट, नवं हाड अजिबात न धरलेली दिसतात. तिथे जिवंतपणाच कमी पडलेला असतो आणि ग्राफ्ट लागतोच. नडगीच्या खालच्या भागाला स्नायूंचं आवरण कमी, पुढून तर नुसती कातडी. त्यात हाड बाहेर आलेलं, म्हणजे रक्तपुरवठा अपघातातच तुटलेला. त्यामुळे वडिलांचं दुसऱ्या प्रकारचं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पण हे एक्स-रे बघूनच ठरतं. सर्जनना सरळ विचारा, "साहेब, टोकं जिवंत आहेत का?" त्यांना या प्रश्नाचा राग येणार नाही.

दुसरा प्रश्न जंतुसंसर्गाचा. उघड्या फ्रॅक्चरमध्ये तो आत दबा धरून बसतो, बाहेर पू नसला तरी. ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या आधी करतात, आणि ऑपरेशनच्या वेळी फटीतले वेगवेगळ्या जागांचे चार-पाच नमुने कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला, पाठवतात. पू असलेल्या जागेत ग्राफ्ट भरला तर तो वाया जातो आणि जंतूंना आणखी एक घर मिळतं. म्हणून संसर्ग निघाला तर ऑपरेशन दोन टप्प्यांत होईल. पहिल्या टप्प्यात अँटिबायोटिक मिसळलेले कॅल्शियम सल्फेटचे मणी ठेवता येतात. लवकर विरघळण्याचा त्याचा जो दोष वर सांगितला, तोच इथे कामी येतो, कारण औषध जागच्या जागी सुटतं आणि मणी काढायला वेगळं ऑपरेशन लागत नाही.

मग नुसता कृत्रिम ग्राफ्ट कुठे पुरतो? जिथे चहूबाजूंनी निरोगी, रक्ताळलेलं हाड आहे आणि मध्ये पोकळी आहे तिथे. गुडघ्यातलं हाड खचतं तेव्हा सांध्याचा पृष्ठभाग उचलून खालची पोकळी भरावी लागते. तिथे कॅल्शियम फॉस्फेटचं घट्ट होणारं मिश्रण कमरेच्या हाडापेक्षा कमी खचतं, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दिसलं. लहान मुलांच्या हाडातल्या निरुपद्रवी गाठी खरवडल्यावरही दाणे उत्तम काम करतात, मुलांच्या कमरेत काढण्याइतकं हाडच नसतं. पण हे दाणे भार पेलत नाहीत हे कुठेही विसरायचं नाही. ते ठिसूळ असतात. हाड भरेपर्यंत भार रॉड, प्लेट किंवा स्क्रूनेच घ्यायचा.

मणका जोडण्याचं ऑपरेशन हा याच विषयाचा अवघड भाग आहे, आणि त्याबद्दलही आपल्या भागातून खूप विचारणा होते, म्हणून दोन शब्द. फ्रॅक्चरमध्ये मोडलेलं हाड पुन्हा जोडायचं असतं. मणक्यात जिथे कधीच हाड नव्हतं तिथे हाड उगवून दोन मणके एक करायचे असतात. गादी पूर्ण काढून मणक्याचे पृष्ठभाग रक्त येईपर्यंत खरवडतात, मध्ये आधाराचा छोटा पोकळ पिंजरा बसवतात, आणि नसेवरचा दाब काढताना निघालेलं रुग्णाचंच हाड बारीक करून त्यात भरतात. ते कमी पडलं तर कृत्रिम दाणे मिसळतात. स्क्रू मणक्यांना धरून ठेवतात, पण त्यांच्यावर कायमचं विसंबता येत नाही. हाड जुळलं नाही तर स्क्रू कधी ना कधी सैल होतो किंवा तुटतो. रुग्ण म्हणतो स्क्रू खराब होता. खरं कारण बहुधा न जुळलेलं हाड असतं.

आता वडिलांबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगतो. तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते तंबाखू मळून खातात का, बिडी ओढतात का? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी ॲडमिट होणाऱ्या माणसाच्या खिशातून पुडी निघतेच. बायकांच्या बाबतीत मिसरी कुणी मोजतच नाही. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं, आणि ग्राफ्टला त्याच रक्तवाहिन्या हव्या असतात. धूम्रपान करणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. तंबाखू चघळणाऱ्याच्या रक्तातही निकोटीन भरपूर उतरतं, त्यामुळे "बिडी सोडली, आता फक्त तंबाखू" हा तोडगा मी मान्य करत नाही. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी सगळं बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंद. घरातल्या कुणीतरी हे अंगावर घ्यायला हवं. नातवंडाने सांगितलं तर ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

साखर तपासा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) करून घ्या. ड जीवनसत्त्वही तपासा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ऊन अंग भाजून काढतं, तरी कमतरता सर्रास सापडते. दहा महिने घरात बसलेल्या माणसाला ऊन मिळणार कुठून? जेवणात दादर ज्वारीच्या भाकरीसोबत रोज उडदाची किंवा दुसरी डाळ, दूध, चालत असतील तर अंडी. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असतील तर सर्जनना सांगा, त्यातल्या काहींमुळे हाड जुळायला उशीर होऊ शकतो. आणि हाडवैद्याकडून नडगी चोळून घेऊ नका. न जुळलेल्या फटीला हलवणं म्हणजे नवं हाड रोज मोडणं.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे बघून लोक हमखास फसतात. पहिल्याच दिवशी फट पांढरीशुभ्र भरलेली दिसते आणि घरचे म्हणतात, जुळलं! ते दाण्यांचं खनिज आहे, हाड नव्हे. प्रत्येक दाण्याची कड सुरुवातीला स्पष्ट, धारदार दिसते. महिने जातात तशा कडा पुसट होतात, दाणे आणि शेजारचं हाड यांतली रेघ नाहीशी होते, आणि हाडाच्या बारीक रेषा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना दिसू लागतात. पुढून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये मिळून चारपैकी तीन बाजूंना हाडाचा पूल दिसला, आणि भार टाकताना दुखत नसेल, तर आम्ही जुळलं म्हणतो. शंका राहिली तर सीटी स्कॅन. ओपीडीत प्रत्येक तपासणीला "डाक्टर, हाड जुयनं का?" असं विचारतात, आणि तीन महिन्यांवर माझं उत्तर बहुधा "वाटेवर आहे" असंच असतं. सहा ते नऊ महिने धरून चाला. भार किती टाकायचा हे सर्जन ठरवतील. रॉड पक्का असेल तर ते लवकर चालायला लावतील, आणि तसं सांगितलं तर घाबरून खाटेवर बसवून ठेवू नका. भार मिळाला नाही तर हाड विरळ होतं.

खर्चासाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का आणि ग्राफ्टचा खर्च त्यात धरला आहे का, हे ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

जाताना आतापर्यंतचे सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या, शेवटचाच नको. फट तीन महिन्यांपूर्वी होती तशीच आहे की थोडी भरते आहे, हे त्याशिवाय कळत नाही. पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्डही शोधा. रॉड कोणत्या कंपनीचा, किती लांबीचा, किती जाडीचा, हे त्यावर किंवा सोबतच्या स्टिकरवर असतं. रॉड काढायची हत्यारं कंपनीनुसार वेगळी असतात, आणि ती माहिती आधी हातात असेल तर सर्जन योग्य सेट मागवून ठेवू शकतात.